शिकागोच्या पोलिश महिलांची विमासेवा: एका जुन्या संस्थेचे परीक्षण

आयुर्विम्याच्या कचेरीत मी अनेक वर्षे मृत्युदाव्यांचे काम पाहिले. त्यामुळे कोणत्याही विमासेवेची पारख करताना घरातील माणूस गेल्यावर पैसा कोणाच्या हाती पडतो, आणि तो मागायला त्या व्यक्तीला कोणाच्या दारात उभे राहावे लागते, एवढेच मी आधी पाहते. पोलिश विमेन्स अलायन्स ऑफ अमेरिका, अर्थात पोलिश भाषेतील ‘झ्व्यॉन्झेक पोलेक’, या संस्थेची सेवा मी याच कसोटीवर तपासली आणि तिच्याविषयी माझे मत फार चांगले झाले.

ही संस्था १८९८ साली शिकागोत स्थापन झाली. स्तेफान्या ह्म्येलिन्स्का या शिवणकाम करून पोट भरणाऱ्या बाईंनी तिच्यासाठी पुढाकार घेतला. त्या वेळी पोलंड नावाचे राज्य नकाशावर नव्हते. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी ते आपसांत वाटून घेतले होते, आणि तेथून निघालेली माणसे शिकागोच्या कत्तलखान्यांत, पोलादाच्या गिरण्यांत आणि शिवणकामाच्या कारखान्यांत राबत होती. अशा कामात अपघात नित्याचे असत. पुरुषांसाठी परस्पर साहाय्याच्या मोठ्या संघटना होत्या, परंतु त्यांपैकी १८८० साली स्थापन झालेल्या पोलिश नॅशनल अलायन्सने स्त्रियांना पूर्ण सभासदत्व दिले ते १९०० साली. म्हणजे जी बाई स्वतः कमावत होती, जिच्या मृत्यूने घर तितकेच उघडे पडणार होते, तिच्या जिवाची किंमत ही संघटना धरतच नव्हती. नव्या संस्थेने ती धरली आणि विमापत्रावर तिचे स्वतःचे नाव लिहिले.

हिची तुलना आपल्याकडील भिशीशी करावीशी वाटते, पण भिशीत जमलेला पैसा आळीपाळीने सगळ्यांना मिळतो आणि हिशेब तेथेच संपतो. येथे वर्गणी सामाईक निधीत जात असे आणि सभासद स्त्री मरण पावली की वारसाला ठरलेली रक्कम मिळत असे. त्या काळी घरोघर फिरून दर आठवड्याला काही सेंट गोळा करणाऱ्या व्यापारी विमा कंपन्याही होत्या. मात्र त्यांच्या दृष्टीने ही बाई केवळ गिऱ्हाईक होती आणि हप्ते थांबले की तिचा संबंध संपत असे. संस्थेत हीच बाई मालकीण होती. वस्तीतील गटात ती मत देत असे, अध्यक्ष आणि खजिनदार निवडत असे, आणि तिने निवडलेल्या प्रतिनिधी ‘सेइम’ या नावाने भरणाऱ्या अधिवेशनात संस्थेचे नियम ठरवत असत. इलिनॉय राज्याने स्त्रियांना मर्यादित मताधिकार १९१३ साली दिला आणि संपूर्ण अमेरिकेत तो मिळायला १९२० उजाडले. त्याआधी कितीतरी वर्षे या शिवणकाम करणाऱ्या स्त्रिया सभेचे इतिवृत्त लिहीत होत्या, जमाखर्च तपासत होत्या आणि आपल्यापैकीच एकीला पदावरून दूर करण्याचा अधिकार बाळगून होत्या. माझ्या लेखी या सेवेचा सर्वांत मोलाचा भाग हाच आहे. विम्याची रक्कम त्यानंतर येते.

संस्थेने १९०२ साली ‘ग्वोस पोलेक’, म्हणजे ‘पोलिश स्त्रियांचा आवाज’, हे नियतकालिक सुरू केले. मुलांसाठी गट काढले आणि त्यांना ‘व्यान्की’, म्हणजे फुलांची वलये, असे सुंदर नाव दिले. ज्या काळात प्रशियाच्या ताब्यातील व्झेश्न्या गावात जर्मन भाषेतील धर्मशिक्षणाला नकार दिल्याबद्दल १९०१ साली शाळकरी मुलांना छड्या खाव्या लागल्या, त्या काळात शिकागोत मातृभाषा शिकवणे हे विमा संस्थेला आपले काम वाटावे, यात मला काहीच विसंगत दिसत नाही. माणसाबरोबर भाषाही जगावी, अशी त्या आयांची तळमळ होती.

उणीवही सांगितली पाहिजे. अशा सर्वच संस्थांची ताकद भाषा आणि वस्ती यांत असते, आणि तीच त्यांची मर्यादाही ठरते. १९२१ आणि १९२४ च्या कायद्यांनी पूर्व युरोपातून येणाऱ्यांची संख्या घटवली, पुढच्या पिढ्या इंग्रजीत वाढल्या, उपनगरांत गेल्या; संस्थेचे मुख्य कार्यालयही शिकागोतील अ‍ॅशलँड अ‍ॅव्हेन्यू हा रस्ता सोडून पार्क रिज या उपनगरात गेले. तरुण सभासद येत नसतील तर विम्याचा निधी कोणत्याही सद्भावनेवर फार काळ तग धरत नाही, हे या व्यवसायातील प्रत्येकाला ठाऊक आहे.

अखेर २०१७ साली संस्था फर्स्ट कॅथलिक स्लोव्हाक लेडीज असोसिएशनमध्ये विलीन झाली. स्लोव्हाक स्त्रियांनी १८९२ साली क्लीव्हलँडमध्ये स्थापन केलेल्या संस्थेकडे हा वारसा गेला, याचे मला मनापासून समाधान आहे. शिकागोत राहणाऱ्या एखाद्या मराठी वाचकाच्या पोलिश शेजारणीला आजीच्या पेटीत ‘झ्व्यॉन्झेक पोलेक’चे जुने विमापत्र सापडले, तर ते रद्दी समजू नये आणि या स्लोव्हाक संस्थेकडे जरूर चौकशी करावी, असे तिला अवश्य सांगावे.