स्पोकन इंग्लिश क्लास, लातूर: हॉटेलचा धडा मस्त, बॅच फार मोठी

लेक इंग्लंडात लीड्सला असते, तिच्याकडं जायचंय म्हणून औसा रोडवरच्या एका क्लासला महिनाभर बसले. हॉटेलात जेवण मागायचा धडा, तेवढ्यातच पैसे वसूल. आपण 'पाणी द्या ना जरा' म्हणतो, अदब त्या 'द्या ना'तच आली. मी तेच इंग्रजीत 'आय वॉन्ट वॉटर' म्हणायचे. मॅडम म्हणाल्या, "ताई, हा हुकूम झाला. 'कुड आय हॅव सम टॅप वॉटर, प्लीज?' म्हणा." टॅप वॉटर म्हणजे नळाचं, तिकडं बहुतेक हॉटेलांत फुकट. नुसतं वॉटर म्हटलं तर विकतची बाटली यायची. २०१६ला रेल्वेनं पाणी आलेलं आमचं गाव, सगळे नीट लिहून घेत होते!

सरावाला मॅडम वेटर झाल्या. मी भाकरी मागितली. त्या म्हणाल्या, "आय ॲम अफ्रेड वी डोन्ट हॅव इट." मी विचारलं, घाबरता कशाला? वर्गभर हशा. नाही म्हणायची ती नम्र रीत असते म्हणे.

बॅच मात्र चाळीस जणांची, बोलायची पाळी आठवड्यातून दोनदाच. पंखाही कुरकुरतो. पाचात चार स्टार.