जंगलातल्या फोटोंसाठी सर्क्युलर पोलरायझर : आठ महिन्यांच्या वापरानंतर

सर्क्युलर पोलरायझर म्हणजे लेन्ससमोर लावायचा, कडी फिरवून चकाकी कमी-जास्त करणारा फिल्टर. माझा ७७ मिमीचा, पातळ कडीचा, साधारण दीड स्टॉप प्रकाश खाणारा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). आठ महिने २४–७० आणि ७०–२०० मिमी या दोन लेन्सवर वापरला. जवळजवळ सगळं काम दाट झाडीत, ट्रायपॉडवर, ढगाळ किंवा ओल्या हवेत. मत आधीच सांगायचं तर झाडीत जाताना हा फिल्टर बॅगेत हवाच. पण कडी पूर्ण परिणाम दिसेपर्यंत फिरवणं क्वचितच योग्य ठरतं. बरेचसे बिघडलेले फोटो कमी फिरवल्यामुळे नाही, तर जास्त फिरवल्यामुळे बिघडतात.

झाडीत तो नेमकं काय करतो ते आधी पाहू. पानावर मेणासारखा पातळ थर असतो आणि त्यात वरच्या आकाशाचं पांढरट-निळसर प्रतिबिंब पडतं. हिरवा रंग पानाच्या आतून येतो, पण वर ही चकाकी पसरल्यामुळे तो फिका दिसतो. पोलरायझर चकाकी छाटतो आणि आतला रंग वर येतो. नंतर संगणकावर सॅच्युरेशन वाढवून हे साधत नाही, कारण मग चकाकीतला निळेपणाही बरोबरच वाढतो आणि पानं प्लॅस्टिकची वाटू लागतात. ढगाळ दिवशी पोलरायझर निरुपयोगी असतो हा समज आकाशाच्या फोटोंपुरता ठीक आहे. पानावरून परावर्तित होताना प्रकाश ध्रुवित होतो, म्हणजे त्याच्या लहरी मुख्यतः एकाच दिशेत कंप पावतात, आणि फिल्टर त्याच अडवतो; त्याला ऊन लागत नाही. झाडीत तर ढगाळ दिवसच याचा खरा दिवस.

परिणाम किती दिसेल हे पृष्ठभागाकडे कोणत्या कोनातून पाहतो यावर ठरतं. डेव्हिड ब्रूस्टरने १८१५ साली मांडलेल्या नियमानुसार पाण्यासाठी सगळ्यात जास्त परिणामाचा कोन लंबापासून सुमारे ५३ अंश येतो, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागाशी ३७ अंश. पानांसाठीही तो याच्या आसपासच असतो. म्हणून ओढ्याकडे किंवा नेच्यांच्या गालिच्याकडे तिरकं खाली पाहताना कडी फिरवली की चित्र डोळ्यांदेखत बदलतं, आणि सरळ वरून खाली पाहिलं तर काहीच घडत नाही. ट्रायपॉड फूटभर वर-खाली करून पाहणं इथे कडी फिरवण्याइतकंच महत्त्वाचं आहे.

झाडीतली खरी अडचण वेगळीच आहे, आणि तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. आडव्या पृष्ठभागावरून येणारी चकाकी आडवी ध्रुवित असते, तर उभ्या ओल्या खोडाच्या कडेवरची बरीचशी उभी. त्यामुळे कडीच्या ज्या स्थितीत पाण्यावरची चमक पूर्ण जाते, त्या स्थितीत खोडाची चमक तशीच राहते. कडी ९० अंश फिरवली की उलट होतं. एका फ्रेममध्ये दोन्ही हवं असेल तर दोन एक्स्पोजर घ्यायचे. फोकस आणि लेन्सचं छिद्र तेच ठेवायचं, फक्त कडी हलवायची आणि नंतर संगणकावर मास्क लावून (नको तो भाग झाकून) जोडायचं. पण हा उद्योग करण्याआधी खोडाची चमक खरंच नको आहे का, हे पाहावं. भिजलेल्या सालीचा ओलेपणा त्या चमकेतूनच कळतो. ती पूर्ण घालवली की खोड काळं, सपाट आणि मेलेलं दिसतं. ओढ्याचंही तसंच. पाण्यावरचं सगळं प्रतिबिंब काढलं की तळाचे दगड दिसतात, पण पाणी आहे हेच हरवतं.

म्हणून पद्धत अशी: लाइव्ह व्ह्यू (कॅमेऱ्याच्या पडद्यावरचं थेट चित्र) चालू करून कडी हळूहळू पूर्ण फिरवायची आणि हिस्टोग्रामचं, म्हणजे उजेडाच्या आलेखाचं, उजवं म्हणजे उजळ टोक पाहायचं. ते जिथे सगळ्यात डावीकडे सरकतं, तो कमाल परिणाम. तिथून साधारण २० ते ३० अंश मागे यायचं. पानांची मेणचट पांढरी झाक गेलेली असते आणि ओल्या कडांवर थोडी चमक उरलेली असते. कडीवर खूण नसेल तर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्यावा, कमी उजेडात फार उपयोगी पडतो. कॅमेरा आडव्याचा उभा केला की फिल्टरही ९० अंश फिरतो, तेव्हा जुळवणी पुन्हा करायची. हे हमखास विसरलं जातं. पॅनोरमा घेताना मात्र पहिल्या फ्रेमनंतर कडीला हात लावायचा नाही.

आता किंमत मोजायची ती प्रकाशात. दाट छायेत आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, एफ/११ ला (एफचा आकडा मोठा तितकं छिद्र लहान) फिल्टरशिवाय अर्धा सेकंद लागत असेल, तर फिल्टर लावल्यावर साधारण १.४ सेकंद लागतात. तेवढ्यात वाऱ्याची बारीक झुळूकही फांद्यांची टोकं पुसून टाकते. आयएसओ ४०० आणि एफ/८ केलं की वेळ १/६ सेकंदापर्यंत येतो, आयएसओ ८०० ला १/१२. हलकं नॉइज (चित्रातले दाणे) काढता येतं, हललेलं पान परत आणता येत नाही. एफ/८ ला मागची झाडं मऊ पडत असतील तर फोकस बदलून दोन-तीन फ्रेम घ्याव्यात. एफ/१६ च्या पुढे जाऊ नये, कारण विवर्तनाने (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने) बारीक पानांची धार जाते आणि झाडीच्या फोटोत बारीक पानंच तर सगळीकडे असतात.

फिल्टर कधी काढून ठेवायचा तेही स्पष्ट आहे. दाट धुक्यात फरक जवळजवळ दिसत नाही आणि दीड स्टॉप फुकट जातो. विरळ धूसरपणात तो दूरच्या खोडांवरचा पडदा पातळ करू शकतो, म्हणजे ज्यासाठी थांबलो तेच पुसतो. मागून उजळलेल्या पानांमध्ये प्रकाश आरपार येतो, छाटायला चकाकीच नसते. उलट सूर्य फ्रेमजवळ असेल तर जादाच्या काचेमुळे घोस्टिंग (चित्रात उमटणारे प्रकाशाचे खोटे ठिपके) वाढतं. उन्हाचे कवडसे पडलेल्या झाडीतला भडक कॉन्ट्रास्टही हा फिल्टर सोडवत नाही.

रंगात थोडा थंडपणा येतो. व्हाइट बॅलन्स (रंगांचा थंड-उबदार तोल) ऑटोवर ठेवला तर कडी फिरवेल तसा तो सरकत राहतो, म्हणून ५२०० केल्विनच्या आसपास पक्का करून नंतर रॉ फाइलमध्ये ठरवणं बरं. हिरवा रंग आता मुळातच घट्ट असतो, त्यामुळे त्याचं सॅच्युरेशन १० ते २० ने उतरवावं आणि छटा किंचित पिवळ्याकडे न्यावी. प्रिंट काढणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. चकाकी गेल्यामुळे सावल्यांतले छोटे उजेडाचे कण नाहीसे होतात, आणि मॅट कॉटन कागदावर गडद भाग आधीच लवकर बुजतो. छपाईआधी सावल्या तृतीयांश स्टॉप उचलून एक लहान चाचणी प्रिंट काढावी. पडद्यावर खोल वाटलेली झाडी कागदावर चिखल होते ती इथेच.

बांधणीबद्दल. ६७ मिमीच्या लेन्ससाठी ६७–७७ स्टेप-अप रिंग (लहान लेन्सवर मोठा फिल्टर बसवणारी जोडकडी) घेतली की एकच फिल्टर पुरतो, मात्र त्या लेन्सचं मूळ हूड बसत नाही. पावसात हे खटकतं. कडी नेहमी आटे आवळण्याच्या दिशेनेच फिरवायची, नाहीतर फिल्टर नकळत सैल होतो आणि एखाद्या दिवशी दगडावर पडतो. ॲल्युमिनियमची कडी थंडीत अडकते. अडकल्यावर दोन बोटांनी जोरात चिमटलं की ती अंडाकृती होऊन आणखी घट्ट बसते. रुंद रबरबँड पूर्ण घेरावर चढवून तळहाताने हलक्या दाबाने फिरवावी, लगेच सुटते. पितळेची कडी कमी अडकते, पण जड असते.

विकत घेताना फिल्टर खरंच सर्क्युलर आहे का, म्हणजे साध्या लिनिअर पोलरायझरच्या कॅमेऱ्याकडच्या बाजूला जादा थर जोडलेला आहे का, हे आरशात कळतं. आट्यांची बाजू आरशाकडे करून फिल्टरमधून पाहिलं की आरशातला फिल्टर काळा दिसतो, उलटा धरला की पारदर्शक. दोन्ही बाजूंनी पारदर्शक दिसला तर तो लिनिअर असतो आणि काही कॅमेऱ्यांचं मीटरिंग आणि ऑटोफोकस त्यावर चुकू शकतं.

आठ महिन्यांनंतरची अवस्था: पाणी झटकणारं कोटिंग अजून चांगलं आहे, थेंब ब्लोअरने उडतात. कडी मात्र खरखर करते, कारण दोन कड्यांच्या फटीत बारीक माती बसली आहे. नळाखाली धुण्याचा मोह टाळावा. आतली फिल्म दोन काचांमध्ये चिकटवलेली असते, कडेने पाणी शिरलं तर थर सुटू लागतात. उन्हात तापलेल्या गाडीत राहिला तरी तोच धोका. मऊ कोरड्या ब्रशने फट साफ करून काम भागतं. काचेच्या कडेला अजून तरी थर सुटल्याची खूण नाही.