आरएक्स ५८० वर ओपनसीएल: आठ महिने वापरल्यावर

सेकंडहँड आरएक्स ५८०, एएमडीचं ८ जीबीवालं ग्राफिक्स कार्ड, घेतलं ते फक्त डार्कटेबल या रॉ फोटो एडिटरसाठी. ओपनसीएल असलं की तो जड हिशोब प्रोसेसरऐवजी कार्डावर करतो. पावसाळी ट्रेकचे रॉ फोटो एक्सपोर्टला टाकायचे आणि चहा करून यायचं, असं चाललं होतं. मशीन जुनं, तिसऱ्या पिढीचं आय५. वर डेबियन १३ लिनक्स.

पहिले दोन रविवार आरओसीएमने, म्हणजे कार्डावर हिशोब चालवायच्या एएमडीच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरने, खाल्ले. ज्याला विचाराल तो तेच सुचवतो. हे कार्ड २०१७ चं, पोलारिस घराण्यातलं. अधिकृत यादीतून ते कधीच बाहेर गेलंय, तरी लोक खटपट करून चालवतात, म्हणून मीही बसलो. शेवटी डीमेसेजमध्ये, म्हणजे लिनक्स कर्नलच्या नोंदींत, ओळ सापडली: पीसीआय ॲटॉमिक्स मिळत नाहीत, डिव्हाइस वगळलं. पोलारिसवर आरओसीएमला पीसीआय एक्सप्रेसचे ॲटॉमिक्स (प्रोसेसर आणि कार्ड दोघांनी एकाच मेमरीत न गोंधळता बदल करायची सोय) लागतातच, आणि इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत ते आले हॅसवेलपासून, म्हणजे चौथ्या पिढीत. माझं घोडं एका पिढीने अडलं! तुमचं मशीन चौथ्या पिढीहून जुनं असेल तर आधी ही ओळ शोधा, मग बाकीचं.

मग मेसाचं रस्टिकल. मेसा म्हणजे लिनक्सवरचे मुक्त ग्राफिक्स ड्रायव्हर, आणि रस्टिकल त्यातलं ओपनसीएल. मेसातलं जुनं ओपनसीएल, क्लोव्हर, डार्कटेबलला चालतच नव्हतं, कारण त्यात इमेज सपोर्ट (ओपनसीएलमधली चित्रांचा डेटा हाताळायची सोय) नव्हता. रस्टिकल २०२२ मध्ये मेसा २२.३ सोबत आलं आणि त्यात तो आहे. पॅकेज एका कमांडीत बसतं, पण डेबियन १३ च्या मेसा २५.० मध्ये रेडिऑनसाठी, म्हणजे एएमडीच्या कार्डांसाठी, ते आपोआप चालू होत नाही. एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल द्यावं लागतं. मी ते बॅशआरसीत, म्हणजे टर्मिनल उघडताना वाचल्या जाणाऱ्या फाइलीत, टाकलं. टर्मिनलमधून उघडलं की कार्ड दिसायचं, मेनूमधून उघडलं की गायब! एटीसीमधल्या एन्व्हायर्नमेंट फाइलीत हलवलं तेव्हा कुठे जमलं.

तेव्हापासून आठ महिने ड्रायव्हरला हात लावलेला नाही. डिनॉइज आणि डिफ्यूज-शार्पन ही दोन जड मॉड्यूल लावली तरी स्लायडर हाताबरोबर हलतो. मेसा अपडेट झालं की डार्कटेबल पहिल्यांदा उघडताना ओपनसीएलचे कर्नल (कार्डावर चालणारे छोटे प्रोग्राम, लिनक्सचा कर्नल नव्हे) नव्याने कंपाइल होतात, तेवढं थांबावं लागतं.

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरची आशा मात्र सोडा. त्याच्या सायकल्स रेंडररमधलं ओपनसीएल ब्लेंडर ३.० आवृत्तीत, २०२१ मध्येच गेलं, आणि एएमडी कार्डांसाठी त्याच्या जागी आलेलं एचआयपी पोलारिसला घेत नाही. उलट एआय भाषा मॉडेल घरच्या मशीनवर चालवणाऱ्या लामा.सीपीपीला ओपनसीएलची गरजच पडली नाही. व्हल्कन या ग्राफिक्स इंटरफेसचा बॅकएंड, मेसातला रॅडव्ही ड्रायव्हर, आणि सात अब्ज पॅरामीटरांचं, चार बिटांवर आकसलेलं मॉडेल ८ जीबीत आरामात मावतं. पंखा तेवढा बोंबलतो. १८५ वॉटचं कार्ड आहे, मे महिन्यात खोलीचं दार उघडंच ठेवतो.