संहितेतला जोर ओळखणारं बर्डीवरचं डीटीपी

नागपुरात बर्डीवर डीटीपीवाल्यांचा, म्हणजे संगणकावर टाइप करून पानं लावून देणाऱ्यांचा, तोटा नाही, पण नाटकाची संहिता समजून टाइप करणारा विरळाच. मोदी नंबर तीनच्या गल्लीतला, वरच्या मजल्यावरचा हा मुलगा तसा आहे. आधी एका दुकानाने पात्रांची नावं, रंगसूचना, आघाताचे शब्द, सगळंच ठळक करून दिलं होतं. वाचनाला पोरं ओळीओळीला ओरडून राहिली होती.

इथे पहिलाच प्रश्न, "सर, हे ठळक कायले? नाव आहे म्हणून का जोर आहे म्हणून?"

मोबाइलवर वाचायची प्रत तो एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपानं ज्या खुणांच्या भाषेत लिहितात तिच्यात, बनवतो. पात्राच्या नावाला ‘बी’ ही खूण (टॅग), रंगसूचनेला ‘आय’, बोलताना दाबायच्या शब्दाला ‘ईएम’, आणि ‘पिस्तूल रिकामं आहे ना, बघा’ अशा सूचनेला ‘स्ट्राँग’. २०१४ च्या एचटीएमएल ५ ने या चौघांची कामं वेगळी केलीत; ब्राउझर मात्र दोघांना तिरपं, दोघांना ठळक दाखवून मोकळा होतो. मला भावलं ते ‘ईएम’च्या पोटातलं ‘ईएम’. "तू तिला पैसे दिलेस?" हे अख्खं वाक्य चढ्या सुरात, त्यात ‘तिला’वर आणखी दाब. शब्द जितक्या ‘ईएम’च्या आत, तितका आघात मोठा, असं एचटीएमएल ५ च्या नियमांतच लिहिलंय.

पण दोन्ही तिरपेच दिसले तर नटाला काय कळणार? मुक्ता फॉन्टला तर इटालिक नाहीच. ब्राउझर सरळ अक्षरं रेटून कलती करतो आणि काना आता पडतो की मग पडतो असा दिसतो. या मुलाने तिरपेपणाच काढला. मुक्तात २०० ते ८०० वजनं, म्हणजे अक्षरांच्या जाड्या, मिळतात: संवाद ४००, आघात ६००, आतला आघात ८००. रंगसूचना बारीक, करड्या. आमच्या नायिकेने ‘तिला’ न सांगता उचललं.

तालमीतले बदल मला स्वतः करायचे होते, म्हणून त्याने मार्कडाउनची, म्हणजे साध्या मजकुरात तारे घालून जोर दाखवायच्या पद्धतीची, फाइल दिली. तिथे गाडी अडते. एक तारा म्हणजे ‘ईएम’, दोन तारे म्हणजे ‘स्ट्राँग’, संपलं. नावं आणि सूचनांसाठी टॅग हातानेच लिहा. ‘तूच’मधल्या नुसत्या ‘च’वर जोर हवा तर तारेच लागतात, एरवी ताऱ्याऐवजी चालणारा अंडरस्कोअर (_) शब्दाच्या मधे चालत नाही, तसाच पडद्यावर दिसत राहतो. हे त्याने आधी सांगायला हवं होतं.

दर आजूबाजूपेक्षा चढा, जिना अरुंद. जाताना आघात एका रंगाने आणि सूचना दुसऱ्या रंगाने खुणावून न्या, नाहीतर तो पानापानावर थांबवून विचारतो.