गावातल्या हाय-फायसाठी पॉवर कंडिशनर आणि केबल: आधी व्होल्टेज, केबल सगळ्यात शेवटी

हरभऱ्याच्या ओलिताचे दिवस आले की एका डीपीवरच्या मोटारी एकदम सुरू होतात. गावठाणाचा आणि शेतीचा फीडर अजून एकच असेल, किंवा घर वावरातच असेल, तर प्लगमध्ये २३० ऐवजी १७०-१८० व्होल्ट उरतात. मोटारी बंद झाल्या की तोच आकडा २५० च्या वर जातो. अशा लाइनवर अँप्लिफायर लावायचा असेल तर दुकानात आधी एकच विचारावं : हे यंत्र व्होल्टेज सांभाळतं, की फक्त फिल्टर करतं? ‘पॉवर कंडिशनर’ या एकाच नावाखाली दोन्ही विकलं जातं.

फुरमन, आयसोटेक, ऑडिओक्वेस्ट यांचे बहुतेक कंडिशनर फिल्टर जातीचे आहेत. आत कॉइल, कपॅसिटर आणि काहींत एमओव्ही, म्हणजे व्होल्टेजचा क्षणिक उसळा (स्पाइक) गिळणारा छोटा भाग. बांधणी चांगली, पण १७५ व्होल्ट आत गेले तर १७५ च बाहेर येतात. नागपुरात स्थिर लाइनवर त्यांचा उपयोग आहे. वरुड-मोर्शीकडच्या संत्र्याच्या बागेतल्या घरात पहिला खर्च त्यांच्यावर करू नये. पीएस ऑडिओचा पॉवर प्लँट एसीचा डीसी करून पुन्हा नवा एसी तयार करतो, म्हणजे काम खरंच वेगळं आहे. पण तो महाग आहे, तापतो, आणि बिघडला तर गावातून दुरुस्तीला कुठे पाठवायचा हे आधी ठरवावं लागतं.

फ्रिज-एसीचा रिलेवाला स्टॅबिलायझर स्वस्त पडतो, पण तो व्होल्टेज टप्प्याटप्प्याने बदलतो. प्रत्येक टप्प्याला रिले टकटकते आणि तो ‘टक’ स्पीकरमधून ऐकू येऊ शकतो. फ्रिजला तो पुरेसा आहे, हाय-फायला नाही.

इथल्या लाइनला सर्वो स्टॅबिलायझरच घ्यावा, म्हणजे छोट्या मोटारीने व्होल्टेज टप्प्यांशिवाय सरकवत सारखं करणारा, असं माझं स्पष्ट मत आहे. ६०-७० वॉटचा अँप्लिफायर, डॅक (डिजिटल गाण्याचा अ‍ॅनालॉग सिग्नल करणारा डबा) आणि प्लेअर एवढ्यासाठी २ केव्हीए भरपूर होतो. इनपुट रेंज १४० ते २८० व्होल्ट, वाइंडिंग तांब्याचं आणि हाय-लो कटऑफ असलेला बघा. अ‍ॅल्युमिनियम वाइंडिंग त्याच आकारात जास्त तापतं. दुकानात १००० वॉटची इस्त्री लावून दहा मिनिटं चालवायला सांगा आणि आउटपुटला मल्टिमीटर धरा. २३० च्या आसपास काटा हलता कामा नये. आतला कार्बन ब्रश कॉइलवरून सरकतो. त्यावर धूळ आणि कापसाचे तंतू बसले की ठिणग्या पडतात आणि फोनोवर (रेकॉर्ड प्लेअरच्या इनपुटवर) चरचर येते. म्हणून वर्षातून एकदा झाकण उघडून ब्रश बघून घ्यावा. झिजला असेल तर बदलावा.

सर्वोचा दोष म्हणजे तो हळू आहे. वादळात न्यूट्रल तुटला की घरात ३००-४०० व्होल्ट शिरू शकतात, आणि मोटार फिरून व्होल्टेज खाली येईपर्यंत अँप्लिफायर गेलेला असतो. एमओव्हीही तिथे टिकत नाही. तो क्षणभराच्या स्पाइकसाठी असतो, सतत चढलेलं व्होल्टेज त्याला जाळून टाकतं. जळालेला एमओव्ही बघितला की लक्षात येतं : निळी किंवा पिवळी चपटी टिकली एका बाजूने फुटून काळी पडलेली असते. यावर उपाय म्हणजे डीबीत (घरातल्या एमसीबीच्या पेटीत) ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर, म्हणजे व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की लाइन तोडणारा. वरची मर्यादा २७०, खालची १६० ठेवा. शेजारी टाइप २ एसपीडी (स्पाइक अर्थकडे वळवणारं सर्ज प्रोटेक्टर) बसवा, पण त्याच्या फेज-न्यूट्रल आणि अर्थच्या जोडतारा मिळून अर्ध्या मीटरपेक्षा लांब नकोत. स्पाइकच्या वेळी तारेची लांबीच स्वतःचं व्होल्टेज वाढवते, आणि लांब तारेवरचा एसपीडी असून नसल्यासारखा होतो.

हे सगळं अर्थिंगवर उभं आहे. काळी माती पावसाळ्यात ओल धरते, पण एप्रिल-मेमध्ये भेगाळते आणि प्लेटपासून सुटते. जुलैत ३ ओहम असलेलं अर्थिंग मेमध्ये तेवढंच राहत नाही. कोळसा-मीठ घातलेल्या खड्ड्यात उन्हाळाभर आठवड्याला दोन बादल्या पाणी ओता. वायरमनकडून अर्थ टेस्टरने मोजून घ्या, ५ ओहमच्या आत हवं. मल्टिमीटरने प्लगमधल्या न्यूट्रल आणि अर्थमध्येही बघा : २-३ व्होल्ट चालतील, १०-१५ दिसले तर कुठेतरी न्यूट्रल सैल आहे किंवा अर्थिंग मेलेलं आहे.

घरच्या इन्व्हर्टरकडेही लक्ष द्या. स्क्वेअर वेव्हवर अँप्लिफायरमधला टोरॉइडल (कड्याच्या आकाराचा) ट्रान्सफॉर्मर घुरघुरतो आणि तापतो. साइन वेव्ह नसेल तर अँप्लिफायर इन्व्हर्टरच्या लाइनवर घेऊच नका. ऑनलाइन यूपीएस उत्तम लाट देतो, पण पंख्याचा आवाज करतो, आणि ४५ अंशांच्या उन्हाळ्यात त्याच्या बॅटऱ्या लवकर जातात.

आता केबल. दीड मीटर लांबीच्या १.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या केबलचा जाऊन-येऊन रोध सुमारे ०.०४ ओहम. अँप्लिफायरने २ अँपिअर घेतले तर ०.०८ व्होल्ट पडतात. खांबापासून घरापर्यंत ४० मीटर, ४ चौरस मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियमची सर्व्हिस वायर असेल तर त्याच प्रवाहाला सुमारे १.२ व्होल्ट जातात, म्हणजे पंधरापट. शेवटच्या दीड मीटरवर हजारो रुपये घालून मागचं काही बदलत नाही. पॉलीकॅब किंवा फिनोलेक्सची आयएसआय मार्कची तीन-कोर फ्लेक्सिबल केबल, एका टोकाला चांगला सी१३ कनेक्टर (कॉम्प्युटरच्या पॉवर केबलला असतो तो), दुसऱ्या टोकाला घट्ट बसणारी थ्री-पिन, एवढं पुरे. तयार मोल्डेड केबल घेताना टोकाची एक तार ब्लेडने खरवडा. आत पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे. स्क्रूखाली जाणाऱ्या तारांना सोल्डर लावू नका. दाबाखाली सोल्डर हळूहळू बसतो, स्क्रू सैल होतो आणि सांधा तापतो. फेरूल, म्हणजे तारांवर दाबून बसवायची धातूची टोपी, लावा.

पॉवर केबल आणि फोनोची तार शेजारून पळवू नका. फूटभर अंतर ठेवा, ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा. एवढं केल्यावर शिल्डेड केबलचा प्रश्न बहुतेक उरत नाही.

आणि हमिंग येते म्हणून कंडिशनर घ्यायला निघण्याआधी डीटीएचची केबल काढून बघा. हमिंग थांबली तर तो ग्राउंड लूप आहे, म्हणजे यंत्रं दोन वाटांनी अर्थला जोडली गेली आहेत, आणि त्यावर आयसोलेटर लागतो, कंडिशनर नाही. काही जण यासाठी प्लगची अर्थ पिन कापायला सांगतात. ती कापायची नाही. अँप्लिफायरच्या पत्र्यात करंट उतरला तर त्याला जमिनीत जायला तीच वाट असते.