फोनवरच खेळायचं की वेगळा हँडहेल्ड घ्यायचा?

दोन्ही वापरून झालंय, म्हणून लिहितोय. आधी काही वर्षं फक्त फोनवर खेळलो, मग वेगळा हँडहेल्ड, म्हणजे फक्त गेमसाठीचं हातात धरायचं यंत्र, घेतला, आणि गेली दोन वर्षं दोन्ही एकाच बॅगेत असतात. प्रोसेसर, स्क्रीनचे इंच, रिफ्रेश रेट हे सगळं तुम्ही आधीच पाहिलेलं असणार, त्यात शिरत नाही. "हातात एवढा चांगला फोन आहे, मग वेगळं यंत्र कशाला?" या प्रश्नापाशी जे अडलेत, त्यांच्यासाठी हे आहे. मीही तिथे बराच काळ अडलो होतो.

फोनची बाजू आधी मांडतो, कारण हँडहेल्डवाले फोनवरच्या गेमना सरसकट नावं ठेवतात आणि ते मला पटत नाही. काही गेम बोटासाठीच जन्मलेले आहेत. २०१४ चा 'मॉन्युमेंट व्हॅली' घ्या. एखादा मनोरा बोटाने हळूहळू फिरवत जायचं, आणि एका क्षणी दोन लांबचे रस्ते नजरेला जुळलेले दिसतात की गेममधल्या मुलीला पलीकडे जाता येतं. ती फिरवण्याची मजा बटण दाबून येणार नाही. त्याच वर्षीचा, आकड्यांच्या फरशा सरकवून जोडायचा 'थ्रीज'सुद्धा तसाच. बहुतेकांना त्याच्यानंतर काही आठवड्यांनी आलेला तशाच धर्तीचा '२०४८' माहीत असतो, पण 'थ्रीज'मध्ये एक बारीक गोष्ट आहे. फरशी अर्धवट सरकवून बोट तसंच धरून ठेवलं, की कोणती फरशी कुणावर चढणार आहे ते दिसतं. नाही पटलं तर बोट मागे घ्यायचं. हा विचार करायला मिळणारा अर्धा क्षण '२०४८'च्या झटक्यात निघून जातो. 'मिनी मेट्रो'मध्ये स्टेशनांना जोडणारी रेघ बोटाने ओढण्यातही तेच सुख आहे. तुम्ही मुख्यतः असेच गेम खेळत असाल तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल, फोन पुरेसा आहे.

फोनवरच्या फुकट गेमांबद्दल जी टीका होते ती मात्र रास्त आहे. २०१४ मध्ये 'डंजन कीपर' फोनवर आला तेव्हा एकेक दगड फोडायला तासन् तास थांबा, नाहीतर पैसे टाका, असा प्रकार होता. ब्रिटनच्या जाहिरात नियामक संस्थेने त्या गेमच्या 'फुकट' म्हणणाऱ्या जाहिरातीला दिशाभूल करणारी ठरवलं. २०२२ मध्ये 'डायब्लो इमॉर्टल' आला तेव्हा मेटाक्रिटिक या गुण एकत्र करणाऱ्या साइटवर समीक्षकांचे गुण ठीकठाक होते, आणि खेळणाऱ्यांनी दिलेले गुण शून्याच्या आसपास. मला वाटतं यात समीक्षकांची बेफिकिरी नव्हती. समीक्षा पहिल्या काही दिवसांत लिहावी लागते, आणि असा गेम पहिल्या दिवसांत उदार असतो. तो हात आखडता घेतो तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. त्यामुळे फुकट गेमची समीक्षा वाचताना ती कधी लिहिली आहे ते मी आधी बघतो, गुण नंतर.

पण या एका कारणासाठी हँडहेल्ड घ्यायला मी सांगणार नाही, कारण त्यातून सुटका सोपी आहे. एकदाच पैसे भरायचे आणि जाहिरातीविना खेळायचे असे उत्तम गेम फोनवर भरपूर आहेत. 'स्टारड्यू व्हॅली', 'डेड सेल्स', 'स्ले द स्पायर', 'बलाट्रो' हे सगळे दोन्हीकडे मिळतात आणि आतून जवळपास तेच आहेत. खरी तुलना करायची तर एकच गेम दोन्हीकडे खेळून करावी. मी तसंच केलं, आणि माझा निर्णय ज्या गोष्टीवर झाला तिचा उल्लेख मला समीक्षांमध्ये फारसा सापडला नाही.

ती गोष्ट म्हणजे मधेच थांबणं.

एक प्रसंग सांगतो. फोनवर पैसे भरून घेतलेला एक ॲक्शन गेम होता. एका गुहेत पाऊण तास काढून शेवटच्या राक्षसापर्यंत पोचलो होतो आणि त्याच्या उरलेल्या जिवाची लाल पट्टी नखाएवढी राहिली होती. तेवढ्यात घरून फोन आला, एका कागदाचा फोटो हवा होता. गेम थांबवला, बोललो, कॅमेरा उघडून फोटो काढला, पाठवला. जेमतेम दोन मिनिटं गेली असतील. परत गेममध्ये आलो तर समोर काळी स्क्रीन, मग बनवणाऱ्यांचा लोगो, मग 'सुरू करण्यासाठी स्पर्श करा'. गुहेच्या तोंडाशी उभा होतो. पाऊण तास गेला तो गेला.

यात कुणी चूक केली असं म्हणता येत नाही. फोन मागे ठेवलेली ॲप्स मेमरीत मावतील तेवढी जपतो. कॅमेऱ्यासारखं मेमरी खाणारं ॲप पुढे आलं की मागच्यांपैकी काहीतरी त्याला बंद करावं लागतं, आणि मागे बसलेल्यांत सगळ्यांत जाडजूड बहुतेक वेळा गेमच असतो. फोनचा धर्मच तो आहे. आधी कॉल, मग निरोप, मग कॅमेरा, आणि उरलेल्या जागेत गेम. जास्त मेमरीच्या फोनवर हे कमी वेळा होतं, पण कधी होईल याचा भरवसा तिथेही नाही. आणि मला टोचत होतं ते हेच, भरवसा नसणं.

हँडहेल्डवर पॉवरचं बटण एकदा दाबायचं. चित्र जिथल्या तिथे गोठतं. माझं पात्र उडी मारून हवेत असलं तरी हवेतच राहतं, आणि दुसऱ्या दिवशी बटण दाबलं की त्याच उडीतून खाली येतं. यात नवीन काही नाही. २००४ च्या निन्टेंडो डीएस या हँडहेल्डचं झाकण मिटलं की यंत्र झोपायचं, त्याच वर्षी जपानमध्ये आलेल्या सोनीच्या पीएसपीलाही बाजूची पट्टी सरकवून झोपवता यायचं. २०१७ च्या निन्टेंडो स्विचने आणि २०२२ च्या स्टीम डेकने तीच सोय मोठ्या गेमांसाठी दिली. विंडोजवर चालणाऱ्या हँडहेल्डच्या झोपेबद्दल मी इतक्या खात्रीने बोलणार नाही. ते कधी नीट झोपतात, कधी बॅगेत जागेच राहून गरम होतात. आणि सतत नेटला जोडलेला गेम असेल तर कुठलंही यंत्र घ्या, झोपेतून उठल्यावर पुन्हा लॉगिन करावंच लागतं.

'स्टारड्यू'मध्ये हा फरक फार छान दिसतो. तिथला एक दिवस म्हणजे आपली साधारण चौदा मिनिटं, आणि मूळ गेम सेव्ह होतो तो पात्र रात्री झोपल्यावर. म्हणजे चौदा मिनिटं सलग मिळाली नाहीत तर दिवस वाया. फोनची आवृत्ती करणाऱ्यांनी ही अडचण ओळखून दिवसाच्या मधेही आपोआप सेव्ह होण्याची सोय केली, आणि ती उत्तम चालते. हँडहेल्डवर ती सोय लागतच नाही. मिरचीच्या रोपांना पाणी घालता घालता बटण दाबावं, संध्याकाळी झारी हातात तशीच असते. 'बलाट्रो', 'स्ले द स्पायर' यांसारखे पत्त्यांचे, पाळीपाळीने खेळायचे गेमही फोनवर फारसा त्रास देत नाहीत, कारण त्यांत घाई नसते आणि गमावण्यासारखं असतं ते फार तर एखादी खेळी. त्रास होतो तो ॲक्शनचा, लांबलचक गोष्टीचा, मधे सेव्ह न होणाऱ्या गेमचा.

याचा परिणाम माझ्या लक्षात फार उशिरा आला. फोनवर खेळत होतो त्या वर्षांत मी नकळत असेच गेम निवडायला लागलो होतो जे तुटले तरी वाईट वाटणार नाही. मोठी गोष्ट असलेला गेम घ्यायचो, दोनदा उघडायचो, मग काढून टाकायचो. आपल्याला आता असे गेम आवडत नाहीत, वय झालं असेल, असंही वाटून गेलं होतं. हँडहेल्ड आल्यावर पहिल्याच महिन्यात साठ तासांचा एक गेम दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत पूर्ण केला, तेव्हा कळलं की आवड कुठे गेली नव्हती. फुरसत कमी असणाऱ्यांनी फोनवर खेळावं आणि भरपूर वेळ असणाऱ्यांनी हँडहेल्ड घ्यावा, असं सगळे म्हणतात. माझा अनुभव नेमका उलट आहे.

बोटांचा प्रश्न थोडक्यात सांगतो. काचेवरच्या बटणांवर अंगठा कुठे आहे ते अंगठ्याला कळत नाही, तो मिलिमीटर-मिलिमीटरने सरकत जातो आणि ऐन वेळी उडीऐवजी नुसती काच दाबली जाते. शिवाय दोन अंगठे चित्राचे दोन कोपरे झाकतात. फोनला दोन्ही बाजूंनी अडकवायचा कंट्रोलर मिळतो आणि तो खरोखर चांगला उपाय आहे, मी सहा महिने वापरला. पण तोही सोबत बाळगावा लागतो, आणि कॉल आला की कंट्रोलरसकट फोन कानाला लावायचा की ओढून काढायचा हा पेच रोजचाच.

फोन आणि हँडहेल्ड एकाच यंत्रात घालायचा मोठा प्रयत्न २००३ मध्ये नोकियाच्या एन-गेजने केला होता. त्यात गेम बदलायचा तर मागचं झाकण उघडून बॅटरी काढावी लागे, म्हणजे गेम बदलण्यासाठी फोनच बंद. दोन कामं एकमेकांच्या आड कशी येतात, याचं इतकं स्पष्ट उदाहरण मला दुसरं माहीत नाही. आज झाकण उघडावं लागत नाही, पण ओढाताण तीच आहे.

हँडहेल्डचे दोष लपवणार नाही. पहिला म्हणजे वजन. पहिला स्टीम डेक जवळपास ६७० ग्रॅमचा आहे आणि आडवं पडून तो चेहऱ्यावर धरला की वीस मिनिटांत मनगट बोलायला लागतं. मूळ स्विच जॉय-कॉनसकट, म्हणजे बाजूच्या दोन कंट्रोलरसकट, ४०० ग्रॅमच्या आत आहे, तेवढं मला चालतं. दुसरा दोष बॅटरीचा. मोठा गेम लावला तर दोन-अडीच तासांत चार्जर शोधावा लागतो. ही रड जुनीच आहे. १९८९ च्या गेम बॉयची स्क्रीन हिरवट, बिनरंगी, प्रकाश नसलेली होती, पण चार पेन्सिल सेलवर तो कितीतरी तास चालायचा. पुढच्याच वर्षी आलेल्या सेगाच्या गेम गिअरची स्क्रीन रंगीत आणि उजळ होती, पण तो सहा सेल काही तासांत संपवायचा. लोकांनी गेम बॉय घेतला. गेम बॉय घडवणाऱ्या गुनपेई योकोईंनी जुनं, स्वस्त, पक्कं झालेलं तंत्र मुद्दाम निवडलं होतं, आणि हँडहेल्ड बघताना मी अजून त्याच नजरेने बघतो. आधी किती वेळ चालतो ते, मग किती सुंदर दिसतो.

तिसरा दोष मला जास्त लागला. माझ्या हँडहेल्डची डावी स्टिक, म्हणजे पात्र चालवायची अंगठ्याखालची दांडी, सव्वा वर्षात आपोआप सरकायला लागली. मी काही न करता पात्र डावीकडे चालत सुटायचं. दुरुस्तीत बारा दिवस गेले. फोनमध्ये झिजणारी स्टिकच नसते, हे त्या बारा दिवसांत मला रोज आठवत होतं.

विकत घेतलेला गेम किती वर्षं टिकतो, हेही पाहावं. २०१७ मध्ये आयफोनची आयओएस ११ ही प्रणाली आली आणि ३२-बिटची, म्हणजे आधीच्या प्रोसेसरांसाठी बनवलेली, जुनी ॲप्स चालेनाशी झाली. त्यात ज्यांना कुणी अद्ययावत केलं नाही असे कितीतरी सुंदर गेम गेले. २०१० मध्ये आयफोनची ताकद दाखवायला पुढे केला गेलेला 'इन्फिनिटी ब्लेड' २०१८ मध्ये स्टोअरमधून काढून घेण्यात आला. हँडहेल्डची दुकानंही बंद होतात, निन्टेंडोच्या ३डीएसचं ऑनलाइन दुकान मार्च २०२३ मध्ये नव्या खरेदीसाठी बंद झालं. पण कार्ट्रिज, म्हणजे गेम साठवलेली छोटी डबी, हातात असेल तर ते आजही घालून खेळता येतं. मला हा फरक मोठा वाटतो, तुम्हाला कदाचित वाटणार नाही.

तर मी काय करतो? 'थ्रीज', 'मिनी मेट्रो', 'बलाट्रो' फोनवर. बाकी सगळं हँडहेल्डवर. दोन्ही परवडत नसतील आणि तुम्ही कोडी, पत्ते, शब्दखेळ यांत रमत असाल, तर फोनवर राहा आणि फुकट गेम सोडून पैसे भरून घ्यायच्या गेमांकडे वळा, तेवढ्यानेही खेळणं बदलेल. पण मोठे गेम अर्धवट सोडायची सवय लागली असेल, तर दोष स्वतःला देण्याआधी एक आठवडाभर मोजा, की गेममध्ये परतल्यावर तो कितीदा पुन्हा लोगोपासून सुरू झाला. माझ्याकडे ते एका आठवड्यात नऊ वेळा झालं होतं.

आणि हँडहेल्ड बघायला गेलात तर पहिली पाच मिनिटं ग्राफिक्समध्ये घालवू नका. कुठलाही धावपळीचा गेम लावा, पात्र हवेत असताना पॉवरचं बटण दाबा, यंत्र बाजूला ठेवून अर्धा तास दुसरं काहीतरी बघा. मग बटण दाबून पात्र कुठे आहे ते पाहा, आणि पाठीला हात लावून यंत्र गार आहे का तेही.