रूल एक्सएमएलमध्ये, एक्सपाथ एक्सएसएलटीतून: काही महिने वापरल्यावर

इंदूरच्या एम टी क्लॉथ मार्केटमधल्या एका होलसेलवाल्यांचं स्टॉक शोधायचं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळतो. मालाची माहिती टॅलीतून एक्सएमएलमध्ये (टॅग लावलेल्या मजकुरात) येते, कुठला माल कुठल्या यादीत दाखवायचा त्याचे रूल पण एक्सएमएलच, फील्ड, ऑपरेटर, व्हॅल्यू एवढंच, आणि ते दुकानातले मुनीमजी स्क्रीनवरून स्वतः बदलतात. त्या रूलमधून चालणारा एक्सपाथ (एक्सएमएलमधला हवा तो भाग निवडायची भाषा) काढायचा, एवढंच काम, पण ऐकायला.

हे आम्ही एक्सएसएलटीत करतो, म्हणजे एका एक्सएमएलचं दुसऱ्या रूपात रूपांतर करायच्या भाषेत. एक्सएसएलटी १.० हे १९९९ चं. त्यात स्ट्रिंगा जोडून एक्सपाथ लिहिता येतो, पण चालवता येत नाही, सिलेक्टमध्ये व्हेरिएबल टाकलं तरी ती स्ट्रिंग स्ट्रिंगच राहते. चालवायचा असेल तर ईएक्सएसएलटीचं (एक्सएसएलटीच्या जोडीला बनवलेल्या जास्तीच्या फंक्शनांचं) इव्हॅल्युएट फंक्शन आहे, एक्सएसएलटी चालवणाऱ्या एक्सएसएलटीप्रॉक या प्रोग्राममध्ये चालतं. २०१७ च्या ३.० मध्ये तर इव्हॅल्युएटची वेगळी इन्स्ट्रक्शनच दिलीय, पण स्पेकमध्ये ती ऑप्शनल आहे, त्यामुळे आपल्या प्रोसेसरमध्ये (एक्सएसएलटी चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) आहे का ते आधी बघून घ्या.

आम्ही दोन्ही सोडून दोन टप्प्यांवर आलो आणि आता तिथून हलणार नाही. पहिली स्टाइलशीट (एक्सएसएलटीत लिहिलेली फाइल, आमचा जनरेटर) रूल वाचते आणि दुसरी स्टाइलशीट लिहून देते, मग ती दुसरी मालावर चालते. आधी कागदावर कटिंग काढून मग कापडाला कात्री लावावी तसं. आउटपुटमध्ये एक्सएसएलचेच टॅग लिहायचे असल्यामुळे नेमस्पेस-एलियस (टॅगना तात्पुरतं दुसरं नाव द्यायची सोय) लावावं लागतं, नाहीतर प्रोसेसर ते टॅग तिथेच चालवायला घेतो. जुगाड वाटेल, पण स्कीमाट्रॉन (एक्सएमएल नियमात बसतं का ते तपासायची भाषा) वर्षानुवर्षं याच पद्धतीने चालत आलंय. मोठा फायदा असा की काही बिनसलं तर तयार झालेली फाइल उघडायची आणि वाचायची, डोळ्यांना दिसतं काय झालंय ते.

दुसरा फायदा कोटचा. कापडाच्या नावात मेन्सचा अपॉस्ट्रॉफी असतो आणि पुढे ५८ इंचाची दुहेरी खूण, दोन्ही एकाच व्हॅल्यूत! एक्सपाथ १.० मध्ये स्ट्रिंगच्या आत कोट एस्केप करायची सोयच नाही, कॉनकॅट करून तुकडे जोडत बसा (२.० पासून कोट डबल लिहिला की भागतं). आम्ही व्हॅल्यू एक्सप्रेशनमध्ये घालतच नाही. तयार होणाऱ्या स्टाइलशीटमध्ये प्रत्येक व्हॅल्यूचं एक व्हेरिएबल, आणि एक्सपाथमध्ये फक्त त्याचं नाव. कोणी रूलमध्ये मुद्दाम वेडंवाकडं काही टाइप केलं तरी ते कोड म्हणून चालत नाही, मजकूरच राहतं. फील्ड आणि ऑपरेटर मात्र ठरलेल्या यादीतूनच घ्या, तिथे हाताने टाइप केलेलं काही चालू देऊ नका.

आता सगळ्यात त्रासाची जागा, "नाही" वाला ऑपरेटर. मुनीमजी म्हणाले, "लाल मना किया था, फिर भी आ रही है." साडीला दोन रंग असतात, लाल आणि सोनेरी. एक्सपाथमध्ये रंग लालच्या बरोबर नाही असं लिहिलं की कुठलाही एक रंग लाल नसला तरी अट खरी ठरते, म्हणजे लाल-सोनेरी साडी यादीत येणारच. आणि जिला रंगच भरलेला नाही ती गायब, कारण तुलना करायला रंगाचा नोडच (टॅगच) नाही. म्हणून जनरेटर आता नेहमी नॉट फंक्शनच्या आत "बरोबर आहे" अशी तुलना लिहितो, आणि मुनीमजींना यातलं काही माहीत असायची गरज उरली नाही.

भावाचंही तसंच. १,२५० असा स्वल्पविराम असलेला आकडा नंबर होतच नाही, त्याचं नॅन (नॉट अ नंबर) होतं, मग पेक्षा कमी, पेक्षा जास्त, दोन्ही खोटं, आणि एरर काहीच नाही, नुसती रिकामी यादी. ट्रान्सलेट फंक्शन वापरून स्वल्पविराम आधीच काढा.

क्रोमवाल्यांनी २०२५ मध्ये ब्राउझरमधलं एक्सएसएलटी काढायचं जाहीर केलंय, म्हणून हे बंद पडेल का, असं विचारतात लोक. आमचं सगळं सर्व्हरवर चालतं, फरक नाही पडत. आणि हो, अँड हा ऑरच्या आधी लागतो, तेव्हा जनरेटरकडून प्रत्येक रूलगटाला कंस घालून घ्या, चार कंस जास्त झाले तरी चालतील.